स्वच्छ पाण्यातला डास: इंदूरमध्ये डेंग्यू कसा पसरतो

आमच्या भागात नर्मदा एक दिवसाआड येते. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे वाक्य ऐकून नवल वाटतं, पण इंदूरच्या घरात ‘नर्मदा आली’ म्हणजे नळाला पाणी आलं, एवढाच अर्थ. जलूदला नदीतून उचललेलं हे पाणी विंध्याचा चढ चढून सुमारे ७० किलोमीटरवरून येतं, थोडा वेळ राहतं आणि जातं. तेवढ्यात जमिनीतला हौद, गच्चीवरची काळी टाकी, न्हाणीघरातला निळा ड्रम, पिंपं, बादल्या, कळश्या सगळं काठोकाठ भरून घ्यायचं. सासूबाईंच्या काळापासूनची ही सवय. पाणी भरलेलं घर म्हणजे नीट चाललेलं घर, हे आमच्या अंगात मुरलेलं आहे.

मागच्या पावसाळ्यात, गणपती बसून चार दिवस झाले होते, तेव्हा समोरच्या घरातल्या मुलाला ताप भरला. रिपोर्ट डेंग्यूचा आला. पुढच्या महिनाभरात गल्लीत आणखी चार घरांत तोच ताप. शेजारच्या काकू एका संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाल्या, “अगं, आपल्या गल्लीत कागदाचा कपटा दिसत नाही. नगर निगमची कचरागाडी रोज येते, गटारं झाकलेली. मग हा डेंग्यू आला कुठून?”

काकूंचा प्रश्न अगदी रास्त आहे. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वर्षं देशात पहिलं आलं. ओला कचरा कुठे आणि सुका कुठे, हे इथलं लहान मूलही सांगेल. तरी पाऊस ओसरायला लागला की डेंग्यू येतो तो येतोच. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे त्या संध्याकाळी उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावर आली. ते उत्तर इथे जरा सविस्तर लिहिते, कारण ते कळलं की घरात काय करायचं आणि कशावर वेळ घालवायचा नाही, हे आपोआप कळतं.

घाण असेल तिथे डास, आणि डास असेल तिथे रोग, असं समीकरण आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. डेंग्यूला ते लागू पडत नाही. गटारात वाढणारा, रात्री कानाशी गुणगुणणारा डास तो क्युलेक्स. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती. त्याला आपण पितो, आंघोळीला घेतो तसलं साठवलेलं स्वच्छ पाणी आवडतं. रस्ता कितीही झाडला तरी त्याचं काही बिघडत नाही, कारण तो रस्त्यावर राहतच नाही. तो घरात राहतो.

ओळखायला तो अवघड नाही. काळसर अंग, पायांवर पांढरे पट्टे, पाठीवर दोन बाकदार पांढऱ्या रेघा. पलंगाखाली, कपाटामागे, खुंटीला टांगलेल्या कपड्यांत दडून बसतो आणि दिवसा चावतो. उजाडल्यावरचे दोन-तीन तास आणि दिवस मावळण्याआधीचे दोन-तीन तास, हा त्याचा जोर. चावते ती फक्त मादी, कारण अंडी पिकवायला तिला रक्त लागतं. आणि ती एका जागी बसून पोटभर पीत नाही. पाय जरा हलला की उठते, दुसऱ्या पायावर बसते, नाहीतर शेजारच्या माणसावर. एकाच घरात चार दिवसांच्या अंतराने आजी, नात आणि सून अशा तिघी आजारी पडतात, तेव्हा त्या तिघींना एकाच मादीने चावलेलं असू शकतं.

हा डास मुळात आफ्रिकेतल्या जंगलातला. तिथे झाडांच्या ढोलींत साचलेल्या पावसाच्या पाण्यात तो वाढायचा. माणसाने रांजण भरून ठेवायला सुरुवात केली, आणि ढोलीपेक्षा रांजण त्याला जास्त मानवला. रांजणात बारमाही पाणी, आणि रक्त दोन पावलांवर. पुढे गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांवरच्या पिण्याच्या पिंपांतून तो समुद्र ओलांडून जगभर पसरला. थोडक्यात, शेकडो वर्षांपासून हा आपल्या पाण्याच्या भांड्यांचा पाळीव झालेला डास आहे.

आता त्या भांड्यांपाशीच थोडं थांबते, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

गल्लीत तिसरा रुग्ण निघाल्यावर मलेरिया विभागाच्या दोघीजणी घरोघर फिरत आमच्याकडे आल्या. एकीच्या हातात टॉर्च, दुसरीच्या हातात लांब दांडीची पांढरी वाटी. न्हाणीघरातल्या आमच्या निळ्या ड्रमवर प्लायवुडचं झाकण होतं, पण पाइप आत सोडता यावा म्हणून त्याच्या कोपऱ्यात चार बोटं खाच पाडलेली. झाकण उचललं, टॉर्च मारला. पाणी नितळ, तळ स्वच्छ दिसत होता. मला वाटलं, झालं. पण ती म्हणाली, “आंटीजी, रुकिए ज़रा.” टॉर्च तसाच धरून अर्धा मिनिट ती हलली नाही. मग तळाकडून एकेक करून तांदळाच्या कणीएवढ्या अळ्या वळवळत वर येऊ लागल्या. वर येऊन डोकं खाली, शेपूट पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून लटकल्या. त्यांची श्वासाची नळी शेपटीकडे असते. त्यांच्यात दोन-तीन कोष होते, स्वल्पविरामासारखे वाकडे. माझी सावली पडली तशा सगळ्या पुन्हा तळाला गेल्या. आपण झाकण उघडतो, सावली पडते, अळ्या खाली पळतात आणि आपल्याला पाणी स्वच्छ दिसतं. रोज त्यात तांब्या बुडवणाऱ्या आम्हा कुणालाच त्या कधी दिसल्या नव्हत्या.

मग तिने मला ड्रमच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर बोट फिरवायला सांगितलं. बोटाला खरखर लागली. टॉर्चच्या उजेडात काजळाच्या टिंबांसारखे ठिपके दिसले, खसखशीपेक्षा बारीक. ती अंडी.

एडिसची मादी अंडी थेट पाण्यात घालत नाही. पाण्याच्या काठाच्या वरच्या ओलसर भिंतीवर चिकटवते. एका खेपेला शंभराच्या आसपास, आणि तीही एकाच भांड्यात नाही, चार ठिकाणी वाटून. ही अंडी पाण्याविना कित्येक महिने टिकतात. वाळून पडून राहतात, आणि पाणी चढून त्यांच्यापर्यंत पोहोचलं की फुटतात. जूनमध्ये कूलरचं पाणी ओतून, पुसून तो माळ्यावर टाकला आणि पुढच्या एप्रिलमध्ये काढून भरला, तर भिंतीला चिकटलेली मागच्या वर्षीची अंडी जिवंत असू शकतात.

आता हे आमच्या एक दिवसाआडच्या नळाशी जोडून पाहा. नळाच्या दिवशी ड्रम काठोकाठ भरतो. दोन दिवसांत पाणी वापरून खाली जातं आणि वरची हातभर भिंत ओली, उघडी राहते. मादीला नेमकी अशीच जागा हवी असते. ती तिथे अंडी घालून जाते. पुढच्या नळाला पाणी पुन्हा वर चढतं, अंडी बुडतात, अळ्या बाहेर पडतात. पावसाची वाट पाहायची गरजच नाही, घरात एक दिवसाआड पाऊस पडतोच आहे. शिवाय आपण ड्रम कधी पुरता रिकामा करत नाही. तळाशी दोन-चार बादल्या राखून ठेवतो, न जाणो नळ चुकला तर. त्या राखीव पाण्यात अळ्या सुरक्षित राहतात आणि नवं पाणी वरून येतं. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणजे कधीच न घासलेला एक ड्रम आठवड्याला डासांची एक नवी तुकडी घरात सोडतो. ओतून टाकणं पुरेसं नाही, भिंत घासली पाहिजे, हे मला त्या दिवशी खरखर लागलेल्या बोटाने शिकवलं.

पाऊस आला की या जागा घराबाहेरही वाढतात. इंदूरचे लोक पाऊस अजून इंचांत मोजतात, पण डासाला अर्धा इंचही पुरतो. गच्चीवर ठेवलेलं जुनं टायर, नारळाच्या करवंट्या, कुंड्यांखालच्या बशा, उन्हाळ्यात पक्ष्यांच्या पाण्यासाठी टांगलेले आणि मग विसरलेले सकोरे, म्हणजे मातीची भांडी, नव्या इमारतीच्या बांधकामावरची पाण्याची टाकी. घरात मनीप्लांटची बाटली आणि फ्रिजमागचा तो ट्रे, जो वर्षानुवर्षं कोणी ओढून पाहिलेला नसतो.

डास झाला म्हणजे डेंग्यू झाला, असं मात्र नाही. ड्रममधून निघालेला नवा डास सहसा निरोगी असतो. त्याला विषाणू मिळतो तो माणसाकडून, आणि तो विषाणू तो पुढच्या माणसाला देतो. या देवघेवीचं एक वेळापत्रक आहे, आणि साथ समजायची तर ते समजून घ्यावं लागतं.

समजा समोरच्या घरातल्या मुलाला आज ताप आला. त्याच्या रक्तात विषाणू ताप यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच फिरत असतो आणि ताप असेपर्यंत, कधी त्यानंतरही एक-दोन दिवस, राहतो. या दिवसांत चावलेल्या मादीच्या पोटात विषाणू जातो. पण ती लगेच रोग देऊ शकत नाही. विषाणू तिच्या आतड्यातून बाहेर पडून, वाढून, लाळेपर्यंत पोहोचायला ८ ते १२ दिवस लागतात. उकाडा जास्त असेल तर कमी, थंडी असेल तर जास्त. त्यानंतर ती जगेल तोवर जिला-ज्याला चावेल त्याला विषाणू देऊ शकते. आणि तिने चावलेल्या माणसाला ताप यायला आणखी ४ ते १० दिवस.

बेरीज करा. एका रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंत साधारण दोन ते तीन आठवडे. आमच्या गल्लीत पहिला ताप गणपतीत आला, बाकीचे पितृपक्ष आणि नवरात्रात. मधल्या शांत दिवसांत आम्हाला वाटलं होतं की संकट टळलं. ते टळलेलं नव्हतं, डासांच्या अंगात शिजत होतं. माळव्यात जूनच्या उत्तरार्धात पाऊस लागतो, जुलैत डास वाढतात, ऑगस्टमध्ये तुरळक रुग्ण, आणि एकाचे दोन, दोनाचे चार होत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दवाखाने भरतात. दिवाळीनंतर माळव्याच्या रात्री गार होतात, विषाणू डासाच्या अंगात इतका सावकाश वाढतो की तो लाळेपर्यंत पोहोचायच्या आत बहुतेक डास मरून जातात. साथ ओसरते. अंडी मात्र भिंतीला चिकटून पुढच्या वर्षाची वाट पाहतात.

इथे एक गोष्ट लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. हा डास आयुष्यभरात फार लांब जात नाही. जिथे जन्मला तिथून शे-दोनशे मीटर, फार तर चारशे. इंदूरच्या राजवाड्यावरचा डास शहराच्या दुसऱ्या भागातल्या विजयनगरला जात नाही. मग रोग शहरभर कसा पसरतो? माणसं पसरवतात. विषाणू अंगात घेऊन आपण सिटी बसमध्ये बसतो, शाळेत शिकवायला जातो, मावशीकडे आरतीला जातो, दिवसभर दुकानात बसतो. तिथले, तिथेच जन्मलेले डास आपल्याला चावतात आणि तिथे नवं ठाणं तयार होतं. म्हणून शहरात डेंग्यू शाई सांडल्यासारखा सारखा पसरत नाही. ठिकठिकाणी ठिपके पडतात: ही गल्ली, तो वाडा, ती शाळा. ठिपक्याच्या आत डास नेतो, एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत माणूस नेतो.

आणि हा माणूस आजारी असेलच असं नाही. डेंग्यूची लागण झालेल्या चारांपैकी साधारण तिघांना काहीच जाणवत नाही, किंवा जरा कणकण येऊन जाते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे ३९ कोटी लोकांना लागण होते आणि त्यातल्या ९ कोटी ६० लाखांनाच लक्षणं दिसतात. लक्षणं नसलेला माणूसही डासाला विषाणू देऊ शकतो. काकूंनी विचारलं होतं ना, आला कुठून? समोरच्या मुलाला बहुधा अशाच कुणाकडून आला, ज्याला स्वतःलाच पत्ता नव्हता. त्या मुलाच्या आईला लोक फार बोलले. त्यात तिचा काडीचा दोष नव्हता, हे मला इथे मुद्दाम लिहावंसं वाटतं.

मग असा न दिसणारा रोग थांबवायचा कसा? सगळे डास मारणं तर अशक्य. याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी सापडलेलं आहे. अल्मोड्याला जन्मलेले रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला. पुढे त्यांनी गणित मांडलं की डास पार नाहीसे करायची गरज नाही. त्यांची संख्या एका मर्यादेच्या खाली नेली की एका रुग्णापासून सरासरी एकापेक्षा कमी नवे रुग्ण होतात आणि साथ आपोआप विझते. मलेरियाचा डास वेगळा, पण हिशोब डेंग्यूलाही लागू आहे.

या हिशोबात डासाचं वय फार महत्त्वाचं. विषाणू घेतल्यावर आठ-दहा दिवस जगलेली मादीच धोक्याची. समजा रोज १०० पैकी ९० डास जगतात. दहा दिवसांनी साधारण ३५ उरतील. आता काही करून रोज ९० ऐवजी ८० च जगू दिले, तर दहा दिवसांनी ११ च उरतात. रोजच्या जगण्यात छोटा फरक, पण धोकादायक डास एक तृतीयांशच उरले. घरातले कोपरे झटकणं, पलंगाखाली उजेड आणणं, सकाळी रॅकेटने चार डास मारणं, या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींना यामुळे मोल आहे. पूर्ण यश न येताही त्या कामाला येतात.

धुराच्या गाडीबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे. गल्लीतून धूर सोडत गाडी गेली की सगळ्यांना बरं वाटतं, काहीतरी होतंय असं दिसतं. त्या धुराने उडणारे काही डास मरतात हे खरं. पण आपण धूर आत येऊ नये म्हणून दारं-खिडक्या लावून घेतो, आणि एडिस नेमका आत, कपड्यांमागे बसलेला असतो. ड्रममधल्या अळ्यांना आणि भिंतीवरच्या अंड्यांना तर धूर पोहोचतही नाही. दोन-चार दिवसांत नवी तुकडी बाहेर येते. रुग्ण सापडलेल्या घरात आणि आसपास आतून फवारणी केली तर उपयोग होतो. नुसत्या रस्त्यावरच्या धुरावर विसंबून ड्रम तसाच ठेवणं मला पटत नाही.

मच्छरदाणीबद्दलही एक गैरसमज आहे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, मग रात्री मच्छरदाणी लावून काय उपयोग, असं लोक म्हणतात. ती दिवसा लावायची आहे, रुग्णाला. तापाचे पहिले पाच-सहा दिवस रुग्ण दिवसाही मच्छरदाणीत राहिला तर घरातल्या डासांना विषाणूच मिळत नाही. घरातल्या इतरांसाठी आणि गल्लीसाठी याहून स्वस्त उपाय नाही. आमच्या गल्लीत पाच घरांपैकी एकानेही तो केला नव्हता, कारण कोणी सांगितलंच नव्हतं.

डेंग्यूचे विषाणू चार आहेत. एकाच घराण्यातले चार भाऊ म्हणा. एकाचा डेंग्यू होऊन गेला की त्याच्यापासून जन्मभर संरक्षण मिळतं, बाकी तिघांपासून काही महिनेच. नंतर दुसऱ्या भावाने गाठलं, तर जुनी प्रतिपिंडं, म्हणजे पहिल्या भावाशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, त्याला ओळखतात, चिकटतात, पण मारू शकत नाहीत. उलट त्यांच्या आधाराने विषाणूला पेशींत शिरणं सोपं जातं. म्हणून दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू गंभीर व्हायची शक्यता जास्त. बहुतेक लोक तेव्हाही बरे होतात, पण ‘मला एकदा होऊन गेलाय, आता भीती नाही’ हे म्हणणं चुकीचं आहे. शहराच्या बाबतीतही तेच. एका भावाची साथ येऊन गेली की हजारो लोक दुसऱ्याच्या धोक्यात येतात. रक्तस्रावाचा डेंग्यू भारतात पहिल्यांदा १९६३ साली कलकत्त्यात दिसला. १९९६ साली दिल्लीत दहा हजारांहून जास्त रुग्ण झाले आणि चारशेहून जास्त माणसं गेली. २०२३ साली देशात सुमारे २ लाख ८९ हजार रुग्णांची नोंद झाली.

नोंदीबद्दल एक खुलासा. सरकारी आकडा नेहमी लहान का दिसतो, असं लोक विचारतात. खाजगी लॅबमधली कार्डावरची झटपट चाचणी सरकार निश्चित रुग्ण म्हणून धरत नाही. एलायझा नावाच्या पद्धतीने केलेली रक्ताची चाचणी लागते. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-१, म्हणजे विषाणूचं प्रथिन शोधायचं; नंतर आयजीएम, म्हणजे शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधायची. चाचणीच न झालेले आणि लक्षणंच नसलेले तर कुठेच मोजले जात नाहीत.

आता दवाखान्याबद्दल. सप्टेंबर लागला की आमच्या कौटुंबिक ग्रुपवर ‘प्लेटलेट ४० हजार, तातडीने डोनर हवा’ असे निरोप सुरू होतात. प्लेटलेट कमी होणं हे आजाराचं लक्षण आहे, पण मुख्य धोका दुसराच असतो. डेंग्यूत बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून डॉक्टर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, पाहतात आणि सलाइन मोजून देतात. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत बहुधा त्या चढवाव्या लागत नाहीत. हा निर्णय डॉक्टरांवर सोडावा, त्यांच्याशी भांडून चढवून घेऊ नये.

सगळ्यात फसवा क्षण ताप उतरण्याचा. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि झिरपणं नेमकं तेव्हाच सुरू होतं. पुढचे २४ ते ४८ तास डोळ्यात तेल घालून पाहायचे. पोटात जोराचं दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, धाप, कमालीची मरगळ किंवा तगमग, लघवी कमी होणं, यांतलं एकही दिसलं तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा. तापाला पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मापातच. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन अजिबात नाही, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, ओआरएस, पेज, ताक, नारळपाणी थोडं थोडं सतत. पपईच्या पानांचा रस देणाऱ्यांचं प्रेम मला कळतं, पण त्या भरवशावर दवाखान्याला उशीर झालेला मी पाहिला आहे.

लसीचं म्हणाल तर चार भावांना एकदम आवरणारी लस करणं अवघड आहे. कारण एकापासूनच संरक्षण मिळालं तर बाकीचे जास्त घातक ठरू शकतात. भारतात तयार झालेल्या, एकाच मात्रेच्या लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. दुसरीकडे, डासाच्या अंगात वोल्बाकिया नावाचे जिवाणू सोडले की त्याच्यात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात असे डास सोडलेल्या भागांत डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी झाला. पुदुच्चेरीच्या संशोधन केंद्रानेही असे डास तयार केले आहेत. मला यातून मोठी आशा वाटते, पण या पावसाळ्याला आपल्याकडे ड्रम आणि काथ्याच आहे.

त्या संध्याकाळी काकूंना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच व्यवहारी शंका काढली. भरलेला ड्रम ओतून घासायचा तर पाणी वाया जाणार, ते कसं करायचं? आठवड्यातून एकदा घासा, असं फलकावर लिहिणाऱ्यांनी आमचा नळ पाहिलेला नाही. मग आम्ही दोघींनी हिशोब बसवला. ड्रम सगळ्यात रिकामा केव्हा असतो? नळ यायच्या आदल्या रात्री. तेव्हाच उरलेलं पाणी कुंड्यांना किंवा अंगणातल्या मातीत घालायचं. कोरड्या मातीत अळ्या मरतात. मग काथ्याने आतली भिंत काठापर्यंत घासायची, कढत पाण्याने धुवायची, आणि काथ्याही त्याच पाण्यात बुडवायचा, कारण त्याला अंडी चिकटलेली असतात. हे दर तिसऱ्या नळाला. एक दिवसाआडचे तीन नळ म्हणजे सहा दिवस, आणि अंड्याचा डास व्हायला निदान सात लागतात.

हौद दर आठवड्याला उपसणं शक्य नाही. त्याच्या झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवल्या, हवेच्या नळीला बारीक जाळी बांधली, आणि एका घराने हौदात गप्पी मासे सोडले, ते अळ्या खातात. ड्रमच्या खाचेवर आम्ही जुन्या साडीचा दुहेरी तुकडा ताणून रबराने बसवला. पाइप आत जातो, डास जात नाही. फ्रिजमागचा ट्रे मुलांकडे दिला आहे. शाळेतली माझी मुलंही आता आपापल्या घरी टॉर्च मारून अर्धा मिनिट थांबतात, आणि सोमवारी वर्गात येऊन सांगतात कुणाकडे काय वर आलं.

काकूंच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आता दर तिसऱ्या नळाच्या आदल्या तारखेला लाल गोल असतो. परवाचा गोल होता तेव्हा रात्री साडेनऊला त्यांनी भिंतीवरून हाक मारली, “झालं का गं तुझं घासून? पहाटे नर्मदा येणार आहे.” आमचा ड्रम तेव्हा अंगणात पालथा पडलेला होता.